'ब्रेक फ्लुइड रिझर्वॉयर' : संचायक, द्रवाशय की टाकी?

विद्युत वाहनांच्या ब्रेकयंत्रणेच्या रचनेवरील एक तांत्रिक टिपण मराठीत आणताना 'ब्रेक फ्लुइड रिझर्वॉयर' (ब्रेकयंत्रणेला लागणारा द्रव साठवणारे पात्र) या संज्ञेसाठी 'ब्रेक-द्रव संचायक' म्हणावे, 'राखीव टाकी' म्हणावे की मूळ शब्दच देवनागरीत ठेवावा, असा प्रश्न विचारला गेला आहे. माझे मत 'ब्रेकद्रवाची टाकी' या साध्या शब्दाच्या बाजूने आहे, आणि त्याची कारणे त्या भागाच्या कामात तसेच विद्युत वाहनाविषयीच्या लेखनात आधीपासून रुळलेल्या शब्दांत सापडतात.

'संचायक' हा शब्द एरवी चालला असता. येथे मात्र तो घोटाळा करील. पुनःपुन्हा भारित करता येणाऱ्या विद्युत घटांना, म्हणजे रोजच्या भाषेतील बॅटरीला, मराठी विज्ञानलेखनात 'संचायक' म्हटले जाते, आणि द्रवचालित यंत्रणेत दाबाखाली द्रव साठवणाऱ्या पात्राला, म्हणजे ॲक्युम्युलेटरलाही, हाच प्रतिशब्द सहज सुचतो. काही विद्युत-द्रवचालित ब्रेकयंत्रणांमध्ये बॅटरीवर चालणारा पंप बिनदाबाच्या टाकीतून द्रव ओढून घेतो आणि तो उच्च दाबाने ॲक्युम्युलेटरमध्ये भरून ठेवतो. हे एवढेच वाक्य 'संचायक' शब्द तिन्ही ठिकाणी घालून लिहून पाहावे: संचायकावर चालणारा पंप संचायकातून द्रव घेऊन संचायकात भरतो! पेट्रोलच्या गाडीविषयीच्या मजकुरात जो शब्द कदाचित खपून गेला असता, तो विद्युत वाहनाच्या मजकुरात टाळलेलाच बरा.

'राखीव टाकी' हा पर्याय मला त्याहूनही अधिक आक्षेपार्ह वाटतो, कारण तो यंत्राविषयी चुकीची समजूत करून देतो. 'राखीव' म्हटले की मुख्य साठा संपल्यावर उपयोगी पडणारी शिल्लक, हा अर्थ मनात येतो. दुचाकीचे इंधन 'रिझर्व्हला लागले' असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. ब्रेकचा द्रव इंधनासारखा खर्च होत नाही. ब्रेकपॅड झिजतात तसतसे कॅलिपरमधील, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागातील, दट्टे (पिस्टन) बाहेर सरकून राहतात, त्यांच्या मागे मोकळी झालेली जागा भरण्यासाठी टाकीतील द्रव खाली उतरतो आणि त्यामुळे पातळी हळूहळू घटते. पातळी झपाट्याने घटली, तर कोठे तरी गळती आहे असे समजावे. पातळी खाली गेली म्हणून राखीव साठा भरावा तसा द्रव ओतत राहिल्यास गळती झाकली जाते, आणि पुढे नवे पॅड बसवताना दट्टे आत ढकलले की तोच जादा द्रव टाकीबाहेर सांडतो. नावामुळे वापरणाऱ्याची अशी दिशाभूल होणार असेल, तर ते नाव कितीही शब्दशः जुळत असले तरी घेऊ नये.

'जलाशय' अर्थातच बाद ठरतो, कारण या टाकीत जी वस्तू कदापि शिरू नये ती म्हणजे पाणी. परंतु त्या शब्दाचे उत्तरपद विचार करण्याजोगे आहे. 'आशय' म्हणजे धारण करणारी जागा. पित्ताशय, मूत्राशय, गर्भाशय हे शब्द त्यातूनच झाले आहेत, आणि त्याच चालीवर 'द्रवाशय' हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष घडतो. मला तो आवडतोही. तरीही टिपणात तो घालावा असे मी म्हणणार नाही, कारण वाचकाच्या मनात त्यातून आधी शरीरातील अवयव उभा राहील आणि मग प्लॅस्टिकचे पात्र.

'टाकी'ला असा कोणताच अडथळा नाही, आणि तिच्या अनुषंगाने लागणारे बाकीचे शब्दही घरचेच मिळतात. ही टाकी अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची असते, जेणेकरून झाकण न उघडता किमान व कमाल खुणांमधील पातळी बाहेरून दिसावी. आत आडभिंत घालून कप्पे केलेले असतात, म्हणजे ब्रेकच्या एका मंडलातून (सर्किटमधून) गळती झाली तरी दुसऱ्या मंडलापुरता द्रव उरतो. वळणावर किंवा जोराने ब्रेक लावल्यावर द्रव 'हिंदकळतो', आणि अशा वेळीही निर्गमद्वार उघडे पडून हवा ओढली जाऊ नये याची काळजी रचनाकाराने घ्यावयाची असते. या क्रियेसाठी 'हिंदकळणे' हे क्रियापद असताना एखादे संस्कृत भाववाचक नाम घडवण्याचे कारण मला दिसत नाही. झाकणाखालच्या लवचीक रबरी भागाला 'पडदा' म्हणावे. द्रव आणि बाहेरची हवा यांचा थेट संपर्क तो टाळतो, आणि पातळी उतरेल तसा स्वतःही खाली येऊन टाकीत निर्वात होऊ देत नाही.

आता पूर्वपद. 'फ्लुइड'साठी 'द्रायू' हा पारिभाषिक शब्द द्रव आणि वायू या दोहोंना सामावून घेतो. येथे वायू नकोच आहे, म्हणून 'द्रव' हाच शब्द नेमका. गॅरेजमध्ये सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण रूढ डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे द्रव ग्लायकॉल ईथरवर आधारलेले असतात, ते तेल नव्हेत, आणि त्यांच्या जागी खनिज तेल पडले तर यंत्रणेतील रबरी सील फुगून निकामी होतात. म्हणून रचनेविषयीच्या मजकुरात 'ऑइल' नको. (यातील 'डॉट' म्हणजे ठिपका नव्हे, ती अमेरिकेच्या परिवहन विभागाच्या नावाची आद्याक्षरे आहेत, तेव्हा त्याचे भाषांतर करू नये.)

हा द्रव हवेतील ओलावा शोषतो, आणि विद्युत वाहनात ही गोष्ट विशेष जपून मांडावी लागते. वेग कमी करताना मोटरच जनित्राचे काम करीत असल्याने पॅड सावकाश झिजतात, टाकीतील पातळी दीर्घकाळ जवळपास तशीच राहते आणि वाचकाला द्रव ताजाच असल्याचा भास होऊ शकतो. प्रत्यक्षात डॉट ४ द्रवाचा कोरडा असतानाचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या स्थितीत मानकाला अपेक्षित असलेली किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तेव्हा द्रवाची 'पातळी' आणि 'प्रत' (गुणवत्ता) हे दोन शब्द मजकुरात एकमेकांच्या जागी येता कामा नयेत. पॅड कमी झिजतात म्हणून टाकी लहान करावी, असेही भाषांतरातून सूचित होऊ देऊ नये, कारण अमेरिकी मानकानुसार टाकीची किमान धारणक्षमता पॅडचे अस्तर कोऱ्या अवस्थेपासून पूर्ण झिजेपर्यंत लागणाऱ्या द्रवावरून ठरते. ती झीज किती वर्षांत होते याचा त्या हिशेबाशी संबंध नाही.

मूळ टिपणाच्या शीर्षकातील 'डिझाइन'साठी 'रचना' पुरेसा आहे. 'अभिकल्प' मराठीत अजून परकाच वाटतो.

'ब्रेकद्रवाची टाकी' हे पूर्ण नाव पहिल्या उल्लेखात द्यावे आणि पुढे नुसते 'टाकी' म्हणावे. मात्र जेथे शीतक द्रवाच्या किंवा काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीचाही उल्लेख असेल, तेथे प्रत्येक वेळी पूर्ण नावच लिहावे. टाकीवरील इशाऱ्यापुरता मी माझ्याच नियमाला अपवाद करीन, कारण तो गाडी दुरुस्त करणाऱ्यासाठी असतो आणि त्याच्या ओळखीचा शब्द तेथे जास्त सुरक्षित आहे: 'झाकण काढण्यापूर्वी ते पुसून स्वच्छ करावे. सीलबंद डब्यातील डॉट ४ ब्रेक ऑइलच वापरावे.'