नथ नव्हे, बुलाक

प्रश्न असा आला आहे: ‘पेरूमधल्या प्राचीन मोचे संस्कृतीबद्दल लिहिताना मी “तिथले सरदार सोन्याची नथ घालत” असं वाक्य लिहिलं. एका मैत्रिणीने नथ या शब्दाला हरकत घेतली. मग मराठीत काय लिहायचं?’

मैत्रिणीची हरकत रास्त आहे. नथ म्हटल्याबरोबर मराठी वाचकाला डाव्या नाकपुडीतला मोत्यांचा बाईचा दागिना दिसतो, सणवार आणि सौभाग्य दिसतं. मोचे सरदाराच्या नाकात यातलं काहीच नव्हतं. त्याचा दागिना दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला लटकायचा. तो बहुधा सपाट पत्र्याचा, वरच्या बाजूला खाच असलेला. ती खाच पडद्यावर बसली की पत्रा ओठांवर लोंबायचा, आणि मोठा असला तर तोंडच झाकून टाकायचा. अर्धा सोन्याचा आणि अर्धा चांदीचा असे नमुनेही आहेत. बोलताना, चालताना हा पत्रा हलून चकाकत असणार. नथ हा शब्द वापरला की हे सगळं चित्र पुसलं जातं, म्हणून मला तो इथे चालत नाही.

नाकाच्या पडद्यातल्या लोंबत्या दागिन्याला आपल्याकडे शब्द आहे: बुलाक. हिमालयातल्या बायकांच्या नाकात तो आजही दिसतो. मराठीत तो मागे पडला, पण कोशातून गेलेला नाही. मी ‘सोन्याचा बुलाक’ असं लिहीन आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘नाकाच्या पडद्यात घालायचा’ एवढं जोडीन. हे अवघड वाटत असेल तर सरळ ‘नाकातला दागिना’ लिहा. ‘नासिकाभूषण’ चुकीचं नाही, पण त्यातून दागिना कुठे अडकवायचा ते कळत नाही.

पडद्याला टोचायचं म्हटलं की मराठी माणसाला वेसण आठवते. बैलाची वेसण तिथूनच जाते, आणि ‘वेसण घालणे’ म्हणजे ताब्यात आणणे. नथ या शब्दाच्या मुळाशीही दोरीच आहे. प्राकृतात ‘णत्था’ म्हणजे जनावराच्या नाकातली दोरी. हिंदीत बैलाच्या दोरीला ‘नाथ’ आणि दागिन्याला ‘नथ’ म्हणतात. प्राचीन मेक्सिकोत नाक टोचण्याचा अर्थ नेमका उलटा होता. मिश्तेक लोकांच्या चित्रपोथ्यांत ‘आठ हरीण’ नावाचा राजा आहे (जन्मदिवसावरून नाव ठेवायची तिथली पद्धत होती). 1097 साली त्याचं नाक समारंभाने टोचलं गेलं, आणि त्या दिवसापासून त्याचा दर्जा बदलला. चित्रात तो मागे रेलून बसला आहे आणि समोरचा माणूस टोकदार हाडाने त्याचा पडदा टोचतो आहे. तिथे टोचलेलं नाक ही सत्तेची खूण होती. म्हणून अशा मजकुरात ‘वेसण’ची उपमा कृपा करून वापरू नका.

मेक्सिकोतल्याच अस्तेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत या दागिन्यांची नावं फार सुंदर आणि पारदर्शक आहेत. ‘याकात्ल’ म्हणजे नाक, ‘मेत्स्त्ली’ म्हणजे चंद्र. म्हणून ‘याकामेत्स्त्ली’ म्हणजे नाकातला चंद्र. घायपाताच्या रसापासून केलेल्या पुल्के या मद्याच्या देवांच्या आणि त्लासोलतेओत्ल देवीच्या चित्रांत हा दागिना दिसतो. याला मराठीत ‘नाकातली चंद्रकोर’ याहून चांगलं काही सुचत नाही, आणि सुचायची गरजही नाही. ‘तेन्तेत्ल’ हा शब्द ‘तेन्त्ली’ (ओठ) आणि ‘तेत्ल’ (दगड) यांचा मिळून झाला. खालच्या ओठाखाली भोक पाडून त्यात स्फटिकाची, ऑब्सिडियनची (ज्वालामुखीतून निघणाऱ्या काळ्या काचेची) किंवा सोन्याची गुल्ली बसवत. अशी चाल आपल्याकडे नाही, त्यामुळे शब्दही नाही. इथे मूळ नाव ठेवून ‘ओठातली गुल्ली’ असं समजावून सांगावं.

एक सापळा सांगून ठेवतो. नाहुआत्लमध्ये ‘नाकास्त्ली’ असा शब्द आहे. तो दिसला की आपला ‘नाक’ आठवतो, पण त्याचा अर्थ कान! उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. ‘याकात्ल’चा आणखी एक अर्थ टोक, पुढचा भाग, त्याच कुळातलं ‘याकाना’ म्हणजे वाट दाखवणं, पुढे चालणं. व्यापाऱ्यांच्या देवाचं नाव याकातेकुत्ली. ‘नाकाचा स्वामी’ हा त्याचा शब्दशः अर्थ. पण लांबलांबच्या मुलखात तांडे नेणाऱ्यांचा देव म्हणून ‘पुढे चालणारा धनी’ हा अर्थही त्यात ऐकू येतो. नाकासमोर चालणाऱ्या मराठी माणसाला हे लगेच पटावं.

खरं नातं मात्र एका वेगळ्याच शब्दात सापडतं. कोलंबियातले नाकातले कितीतरी दागिने सोनं आणि तांबं यांच्या मिश्रधातूचे आहेत. वरच्या थरातलं तांबं काढून टाकून पृष्ठभाग सोन्याचा दिसेल असं कारागीर करत. या धातूला स्पॅनिश लोकांनी ‘तुंबागा’ म्हटलं. तो शब्द त्यांनी मलाय भाषेतल्या ‘तेंबागा’वरून, म्हणजे तांब्यावरून घेतला, आणि मलायमध्ये तो भारतातून गेला, संस्कृत ‘ताम्रक’च्या प्राकृत रूपातून. म्हणजे बोगोटाच्या सुवर्ण संग्रहालयातल्या बुलाकाच्या धातूचं नाव आपल्या तांब्याच्या घरातलं आहे. मला ही गोष्ट कळली त्या दिवशी खूप आनंद झाला होता.

‘हा दागिना भारतातून तिकडे गेला का?’ असंही कुणी विचारेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेवर लेख लिहिला आहे. जुन्या संस्कृत वाङ्मयात नाकातल्या दागिन्याचा उल्लेख मिळत नाही, तो इसवी सन 1000च्या सुमारास दिसू लागतो, असा त्यांचा निष्कर्ष. पेरूच्या किनाऱ्यावर एल ब्रुहो इथे सापडलेली ‘काओची राणी’ त्याच्या कित्येक शतकं आधीची. हातांवर गोंदण असलेली ही तरुण बाई सोन्याचांदीच्या कितीतरी बुलाकांसह पुरली होती. त्यामुळे तुमच्या वाक्यात आणखी एक दुरुस्ती करा: ‘तिथले सरदार आणि राण्या नाकाच्या पडद्यात सोन्याचांदीचे बुलाक घालत.’