कोच गेला, आता मी कुणाचा?

डिसेंबर लागला की माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर एकाच तऱ्हेची मुलं येऊन बसतात. सहा फुटांच्या वर उंची, शंभर किलोंच्या पुढे वजन, आणि चेहरा मात्र जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा. प्रश्नही ठरलेला: "कोच दुसरीकडे चाललाय. मी त्याच्याबरोबर जाऊ, की इथंच राहू?" गेल्या काही वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की एकदा त्यावर सविस्तर लिहावं असं वाटलं.

मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका सरकारी विद्यापीठात समुपदेशक आहे आणि माझ्याकडे बरेच खेळाडू विद्यार्थी येतात. इथला फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, शिरस्त्राण घालून खेळायचा. विद्यापीठाला ही मुलं 'स्कूल' म्हणतात. सीझन नोव्हेंबरअखेर संपत आला की कोचची पळवापळवी सुरू होते. 2021 च्या नोव्हेंबरात कोच लिंकन रायली ओक्लाहोमा विद्यापीठ सोडून सदर्न कॅलिफोर्नियाला गेले आणि त्यांचा तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू, केलेब विल्यम्स पाठोपाठ तिथं गेला. पुढच्याच वर्षी त्यानं हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवली. रायली गेले त्याच आठवड्यात कोच ब्रायन केली नोत्र दाम विद्यापीठ सोडून एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेले. नोत्र दामची बरीच मुलं मात्र जागची हलली नाहीत, कारण त्यांच्यातलेच सहायक मार्कस फ्रीमन मुख्य कोच झाले. 2025 च्या जानेवारीत तो संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. माझ्याकडे येणारा प्रत्येक मुलगा यातलं एक उदाहरण मनात धरून येतो. कुठलं उदाहरण निवडलंय, यावरून त्याचं मन कुठं झुकलंय ते मला पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

पूर्वी हा पेच इतका तीव्र नव्हता. विद्यापीठ बदललं तर फुटबॉलपटूला साधारण वर्षभर मैदानाबाहेर बसावं लागे. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नावं नोंदवायची यादी. 2021 मध्ये पहिल्या बदलीसाठी ती वर्षाची शिक्षा गेली, आणि त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले. मुलांच्या पायातली बेडी निघाली हे उत्तमच झालं, मी त्या बाजूची आहे. पण दार बंद होतं तेव्हा 'मी का थांबलो' याचं उत्तर द्यावं लागत नव्हतं. आता द्यावं लागतं, आणि तेही विशीच्या आत.

ज्याची गोष्ट सांगते आहे तो खरं तर तीन-चार मुलं मिळून एक आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लाईनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, दुसऱ्या वर्षाचा, 2023 चा डिसेंबर. कोच गेल्याचं त्याला लॉंड्रीत कपडे वाळत असताना फोनवरच्या बातमीतून कळलं होतं. दुसऱ्या दिवशी कोच दहा मिनिटं संघाशी बोलला आणि विमानतळावर गेला. तिसऱ्या दिवशी या मुलाला त्याचा फोन आला, "तुझी जागा राखून ठेवलीय." मुख्य कोच बदलला की पोर्टलमध्ये नाव घालायला तेव्हा तीस दिवस मिळत. त्यातले नऊ संपले होते.

पहिल्या भेटीत मी सगळ्यांना एक गोष्ट सांगते, ती त्यालाही सांगितली. माझा पगार विद्यापीठ देतं. तू इथं बोललेलं कुठल्याही कोचच्या कानावर जाणार नाही, आणि तू राहावंस म्हणून मी इथं बसलेली नाही. तो "येस, मॅम" म्हणाला आणि बराच वेळ बुटांकडे बघत बसला.

"काहीही केलं तरी मी गद्दारच ठरणार," तो शेवटी म्हणाला. "गेलो तर पोरांशी, राहिलो तर कोचशी."

"गद्दार कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही. अजून."

त्या 'अजून' वर आम्ही अख्खा तास घालवला. पुण्यात शिकत असताना माझी जडणघडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली ही पद्धत महाराष्ट्रात अनेकांना परिचयाची आहे. मला आजही तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही. तिची एक साधी शिकवण मी त्याच्यापुढं ठेवली. संघ सोडणं ही एक कृती आहे. ती बरोबर असेल, चूक असेल, घाईची असेल. पण 'गद्दार' हे कृतीचं नाव नाही, तो अख्ख्या माणसावर मारलेला शिक्का आहे, आणि एवढा मोठा शिक्का एका निर्णयावर मारता येत नाही. त्याला ते पटलं, मान डोलली. तरी पुढच्या भेटीत तो तसाच जड पावलांनी आला. डोक्याला पटलेलं अजून खाली उतरलं नव्हतं. काहीतरी माझ्या नजरेतून सुटत होतं.

इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी कोल्हापूरची, पेठेत वाढलेली. आमच्याकडचा फुटबॉल पायानं खेळायचा, पण निष्ठेचा मामला याहून तिखट. तालमीचा संघ म्हणजे पेठेची अब्रू. शाहू स्टेडियमवर सामना असला की घरातल्या बायकासुद्धा निकाल काय लागला म्हणून दारात उभ्या. माझे धाकटे काका एका सीझनला आपल्या सरांबरोबर दुसऱ्या पेठेच्या संघात गेले. दोन वर्षं गल्लीत कुणी त्यांना चहाला हाक मारली नाही. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. काकांनी असं करायला नको होतं, असं मला तेव्हा वाटायचं. हा मुलगा समोर बसला तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते मला अजून वाटतंय. म्हणजे मी त्याला नकळत 'राहा' च्या दिशेनं ढकलत होते. ते ओळखलं आणि मी मुद्दाम मागं सरकले. ही तपासणी समुपदेशकाला प्रत्येक वेळी नव्यानं करावी लागते.

तिसऱ्या भेटीत मी 'जाऊ की राहू' हा विषयच काढला नाही. म्हटलं, तू इथं आलास तो दिवस सांग.

त्यानं 2021 च्या डिसेंबरात सही केलेल्या कागदापासून सुरुवात केली. 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' म्हणतात त्याला. 1964 पासून चालत आलेली ही पद्धत आता बंद झाली आहे. त्या कागदात साफ लिहिलेलं असे की हा करार विद्यापीठाशी आहे, कुणा एका कोचशी नाही, आणि कोच गेला तरी तो बंधनकारक राहील.

"ते वाक्य वाचलं होतंस?"

"आईनं मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. कोच स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. तो हसला आणि म्हणाला, ते वकिलांसाठी असतं."

"आणि तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी..." तो थांबला. "त्यानं आईचा हात हातात घेतला. म्हणाला, चार वर्षं हा माझा मुलगा. पदवीच्या दिवशी तुमच्या शेजारच्या खुर्चीत मी असेन."

त्याची आई रात्रपाळी करते, वृद्धाश्रमात. त्या दिवशी ती न झोपता स्वयंपाक करून थांबली होती. कोचनं दोनदा वाढून घेतलं. हे सगळं त्यानं इतक्या बारकाईनं सांगितलं की ताटातल्या पदार्थाचा वासही त्याला आठवत होता.

मी विचारलं, "हा शब्द कुणी दिला?"

"कोचनं."

"कुणाला?"

"आईला."

"मोडला कुणी?"

तो गप्प. खिडकीबाहेर बर्फ काढणारी गाडी घरघरत होती, तेवढाच आवाज.

"मोडला कुणी?"

"त्यानंच." अगदी हळू.

"आणि तो जोडायला कोण निघालंय?"

त्यानं तळहातांनी चेहरा झाकला. पाठ हलत होती. मी टिश्यूचा डबा पुढं केला नाही. अशा वेळी डबा सरकवला की 'आता पुरे' असा त्याचा अर्थ होतो. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मी त्याच्याकडे गेलो, तर तो खोटारडा ठरत नाही. चार वर्षं होतात. आईला सांगता येतं की तो बोलला तसाच वागला."

इतक्या वर्षांत इतक्या मुलांशी बोलून जे मला धूसर दिसत होतं, ते त्या क्षणी लख्ख दिसलं. ही मुलं ज्याला निष्ठा म्हणतात, त्यात पुष्कळदा दुसराच ऐवज असतो. मोठ्या माणसानं अर्ध्यात टाकलेलं ओझं मूल गुपचूप उचलतं, कारण ते खाली पडलं तर 'त्याचं माझ्यावर खरंच प्रेम होतं का' हा प्रश्न उघडा पडतो. घटस्फोट झालेल्या घरांतली मुलं हेच करतात. बाबा शनिवारी आले नाहीत तर आईला सांगतात, मीच नको म्हटलं होतं. लाईनबॅकर असला म्हणून काय झालं.

तेव्हापासून मी आधी दुःखाला वाट करून देते, निर्णयाचं नंतर पाहते. कोच गेला याचं वाईट वाटणारच, वाटलंच पाहिजे. दोन वर्षं पहाटे पाचला ज्याच्या शिटीवर पाय उचलले तो माणूस निघून गेलाय. पण वाईट वाटणं वेगळं आणि 'त्यानं जायलाच नको होतं, आता मीच हे निस्तरायला हवं' हे वेगळं. पहिलं माणूस सोसू शकतो. दुसरं त्याला पोर्टलमध्ये ढकलतं, नाहीतर त्याच त्वेषानं जागच्या जागी खिळवतं. रागानं राहणंही मी पाहिलंय. तीही कोचचीच गुलामी.

हे मोकळं झालं की पुढचे प्रश्न सोपे होतात, आणि ते मी कागद-पेन घेऊन विचारते. सर्वांत महत्त्वाचा हा: पुढच्या वर्षी हा कोच तिथूनही निघाला, तर त्या गावात, त्या वर्गात, त्या पोरांत राहायला तुला आवडेल का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल जा. दुसरं, रोज तुला शिकवतो कोण? मुख्य कोच शंभरावर मुलं सांभाळतो. तुझी चूक रोज दाखवतो तो सहायक, आणि तो कुठं चाललाय हे तुला ठाऊकच नसतं. क्रेडिटचं, म्हणजे पदवीसाठी पूर्ण केलेल्या विषयांच्या गुणांकांचं गणित तर हमखास विसरलं जातं. तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचा चाळीस टक्के भाग पूर्ण असावा लागतो, चौथं सुरू होताना साठ. नव्या विद्यापीठानं काही विषय धरले नाहीत तर खेळण्याची पात्रताच धोक्यात येते. म्हणून फोन आधी तिथल्या अभ्यास सल्लागाराला कर, मग कोचला. पैशाचा आकडा लाजून लपवू नकोस, मोठ्या अक्षरात लिही. आई रात्रपाळी करत असेल तर तो आकडा निर्णयात असलाच पाहिजे, आणि त्यासाठी गेलेल्या मुलाला मी कधीही कमी लेखलेलं नाही. नव्या कोचला भेटल्याशिवाय काही ठरवू नकोस. आणि 'स्कूल' म्हणजे कमान आणि झेंडा नव्हे, दुखापत झाली तेव्हा मेसमधून ताट कुणी आणून दिलं ते आठव.

राहणाऱ्यालाही हे सांगते की कोचनं शिकवलेलं काही परत करावं लागत नाही. पायांची ठेवण, पहाटेची सवय, प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरून त्याची चाल ओळखणं, हे आता तुझं. मागं राहूनही कृतज्ञ असता येतं.

महाराष्ट्रातूनही हल्ली पालकांचे फोन येतात. क्रिकेटचे सर अकादमी बदलतात, गाण्याच्या बाई शहर सोडतात, आणि मुलगी जेवत नाही. मी हेच विचारते: सरांनी तिला काय कबूल केलं होतं? बहुतेक पालकांना ते माहीत नसतं. तिला विचारा. सरांना नावं ठेवू नका, त्यांची बाजूही घेऊ नका, नुसतं ऐका.

त्या मुलानं चौथ्या भेटीच्या आधीच कोचला फोन केला. मी सुचवलं नव्हतं. त्यानं विचारलं, "तुम्ही आईशी बोलाल का?" कोचनं त्याच संध्याकाळी तिला फोन केला आणि माफी मागितली. त्यात मला त्या माणसाचा मोठेपणा दिसला. त्यानंतर मुलगा दोन दिवस झोपला, नव्या कोचला भेटला, आणि राहिला. त्याच आठवड्यात त्याचा खोलीतला जोडीदार माझ्याशी तितकंच बोलून कोचबरोबर गेला, आणि तोही तिथं सुखात आहे. दोघं आजही एकमेकांचे सामने बघतात. माझ्या कामाची पावती मला त्यात मिळते, आणि ती मी मनापासून घेते.

त्या मुलाचा निर्णय झाला, त्या रात्री मी कोल्हापूरला फोन लावला. काका आता सत्तरीत आहेत. इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, "काका, तुम्ही त्या वेळी सरांबरोबर का गेला होता?"

"अगं, सर एकटे पडले असते की," काका म्हणाले.

"मग सर किती वर्षं राहिले त्या संघात?"

पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला.

"एकच सीझन."