'षड्यंत्र सिद्धांत' लिहू का? आणि 'हिंसक अतिरेकी'?

दहशतवादाच्या अभ्यासावरचा एक पेपर (शोधनिबंध) मराठीत आणणाऱ्या एकांनी विचारलंय की कॉन्स्पिरसी थिअरीला (म्हणजे घटनेमागे कोणाचा तरी छुपा कट आहे असा दावा) 'षड्यंत्र सिद्धांत' चालेल का, आणि व्हायलंट एक्स्ट्रीमिझमला 'हिंसक अतिरेकीवाद' लिहू का. 'रॅडिकलायझिंग मल्टिप्लायर'ला काय लिहावं इथेही ते अडलेत, त्याचं शेवटी बोलतो. पहिल्या दोन्हींबद्दल माझं मत विचाराल तर दोन्ही नको.

षड्यंत्र सिद्धांत हा सरळ हिंदीतून उचललेला, चॅनेलवाले बोलतात म्हणून कानाला सवय झालीये एवढंच. षड्यंत्रावर माझा फार राग नाही (लिहायचंच असेल तर षडयंत्र नको, ड चा पाय मोडून षड्यंत्र लिहा, मुळात षट् आहे तो), खरी गडबड पुढच्या शब्दात आहे. सिद्धांत म्हणजे जे सिद्ध करून झालंय ते. शाळेत पायथागोरसचा सिद्धांत शिकलो तो असा. इंग्रजीतल्या थिअरीचं पोट मोठं, आइन्स्टाइनची पण थिअरी आणि कट्ट्यावरच्या काकांची 'माझी थिअरी काय आहे माहितीये का' ती पण थिअरीच, पण मराठीत त्या काकांच्या बोलण्याला कोणी सिद्धांत म्हणत नाही, म्हटलंच तर टोमणा म्हणून. मग चंद्रावर कोणी गेलंच नाही, सगळं स्टुडिओत शूट केलं, ह्याला 'सिद्धांत' म्हटलं की आपणच त्याच्यावर शिक्का मारून देतो.

बरं, नुसतं 'कट' म्हणावं तर तो शब्द मराठीत कोर्टाची पायरी चढून आलाय. काकोरी कट, मीरत कट खटला (1929 ला सुरू झालेला, आपले कॉम्रेड डांगे त्यात आरोपी होते), जुन्या भारतीय दंड संहितेतलं 120ब. कट म्हटलं की चार माणसं बसली, ठरवलं, पुरावा आहे, निदान सरकारी वकील तरी आहे म्हणतो. कारस्थानाची गंमत तर त्याहून वेगळी, नारायणरावाच्या खुनानंतर नाना फडणीस, सखारामबापू वगैरे मंडळींनी राघोबादादांविरुद्ध जे केलं त्याला आपण बारभाईंचं कारस्थान म्हणतो आणि म्हणताना आवाजात निंदा नसते, कौतुकच असतं.

आणि अभ्यासकांना नेमका हाच फरक राखायचा असतो, कारण कट खरेही असतात. अमेरिकेतला वॉटरगेट (राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या माणसांचा) खराच होता. म्हणून कट वेगळा आणि कट असल्याचा दावा वेगळा हे शब्दातच दिसायला हवं. मायकेल बारकुन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने अशा विचाराच्या तीन खुणा सांगितल्यात, योगायोगाने काहीच घडत नाही, दिसतं तसं नसतं आणि सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो. (दुसरी खूण आपल्याकडे म्हणीतच आहे, फक्त पुढे 'म्हणून जग फसतं' जोडायचं.)

'कपोलकल्पित कट' कोणी सुचवेल, ऐकायला छान आहे, पण त्यात तपासायच्या आधीच निकाल लागतो आणि ह्या विषयातले काही तत्त्वज्ञ त्यालाच हरकत घेतात. मी 'कटतर्क' घेईन. तर्क म्हणजे लॉजिक हा अर्थ पुस्तकातला, बोलताना आपण तर्क 'लढवतो', 'तर्कवितर्क' करतो, तिथे तो अंदाजच असतो, खरा निघेल किंवा खोटा. शिवाय त्याचा एक वाह्यात भाऊ आपल्याकडे आधीपासून आहे, तर्कट! ओढूनताणून जुळवलेलं, मुद्दाम रचलेलं. पेपरात कटतर्क लिहा, गप्पा मारताना 'कटाचं तर्कट' म्हणा, कोणाला समजावावं लागणार नाही.

जाता जाता, ह्या इंग्रजी शब्दाबद्दलच एक तर्कट फिरत असतं की तो सीआयएने (अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेने) राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येवर प्रश्न विचारणाऱ्यांना वेड्यात काढायला शोधून काढला. 1967 चा सीआयएचा एक कागद आहे खरा आणि त्यात हा शब्दप्रयोगही आहे, पण न्यूयॉर्क टाइम्सला 1863 साली आलेल्या एका पत्रात तो सापडतो, तेव्हा सीआयए कुठली, अमेरिकेत यादवी चालू होती.

आता अतिरेकी. कोशात अतिरेक म्हणजे प्रमाणाबाहेर काहीही, जेवणाचा पण होतो. पण पंजाब-काश्मीरच्या बातम्या वाचून वाचून 'अतिरेकी' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बंदूकच येते, मग 'हिंसक अतिरेकी' म्हणजे दोनदा तेच. आणि शोधनिबंधातला एक्स्ट्रीमिस्ट तर बऱ्याचदा नुसता टोकाचं बोलणारा असतो, हातात काही नसतं, हिंसक हे विशेषण लावतात ते त्याचसाठी. 'जहाल' हा जवळचा वाटेल पण 1907 ला सुरतेला काँग्रेस फुटली ती जहाल-मवाळ अशी, इंग्रज ज्यांना एक्स्ट्रीमिस्ट म्हणत ते आपले टिळक, त्यामुळे शब्दाला मान आहे. तिकडे गडचिरोलीच्या बातम्यांत 'जहाल नक्षलवादी' रोज वाचतो. एकाच शब्दात लोकमान्य आणि नक्षलवादी, परीक्षेला बसलेला पोरगा गोंधळणारच. मी 'टोकाची विचारसरणी' आणि जिथे शस्त्राचा संबंध आहे तिथे 'हिंसक कट्टरता' लिहीन. टेररिझमला मात्र दहशतवाद आहे तो उत्तम आहे, आतंकवाद करायची काही गरज नाही. त्याच्या व्याख्येवर अभ्यासकांचं अजून जमत नाही ती गोष्ट निराळी, अॅलेक्स श्मिड ह्या दहशतवादाच्या अभ्यासकाने 1980 च्या दशकात व्याख्या मोजल्या तेव्हा 109 भरल्या होत्या.

आता तुम्ही अडलात ते 'रॅडिकलायझिंग मल्टिप्लायर' (कट्टरता वाढवणारी गोष्ट), ते लंडनच्या डेमॉस ह्या अभ्याससंस्थेच्या 2010 च्या अहवालातलं. 'कट्टरतेचा गुणक' असं शब्दाला शब्द लावून करू नका, गणिताचा पेपर वाटेल. त्यांचं म्हणणं एवढंच की कटतर्काने माणूस बंदूक उचलतोच असं नाही, पण गट आधीच तापलेला असेल तर त्याने आतले लोक घट्ट होतात, शंका काढणारा फितूर ठरतो आणि हिंसा हाच उपाय वाटायला लागतो. 2019 ला न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये 51 माणसं मारणाऱ्याने आधी जे पत्रक टाकलं होतं त्याचं नावच 'ग्रेट रिप्लेसमेंट' होतं, गोऱ्यांना हटवून दुसऱ्यांना आणून बसवण्याचा कट चाललाय हा तो तर्क. तेव्हा वाक्य असं करता येईल: 'कटतर्क हे हिंसक कट्टरतेचं मूळ असतीलच असं नाही, पण ते तिला खतपाणी घालतात.' मल्टिप्लायर गेला तर गेला, अर्थ राहिला.