वडिलांचा फ्लॅट आत्ताच बक्षीसपत्राने माझ्या नावावर करून घ्यावा का? (वडील ७१, आई ६६, नॉमिनी मीच) खर्च किती येईल?

खर्चाचं आधी सांगतो. राहतं घर मुलाला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. त्यावरच एजंट ‘दोनशे रुपयांत काम’ म्हणून गळाला लावतात. महापालिका हद्दीत बाजारमूल्यावर १ टक्का अधिभार पडतो, हे मात्र चलन भरायच्या दिवशी कळतं. ८० लाखांच्या फ्लॅटला ८० हजार. सोसायटीची हस्तांतर फी ५०० आणि प्रवेश फी १००. घरातल्या घरात हस्तांतर असेल तर प्रीमियम, म्हणजे सोसायटी हस्तांतरावर घेते ती वेगळी रक्कम, लागत नाही. मागितला तर देऊ नका.

आता न विचारलेलं सांगतो. करू नका.

‘पोटच्या पोरावर विश्वास नाही का?’ असं आमचे एक ज्येष्ठ नातेवाईक दर लग्नकार्यात मला सगळ्यांदेखत ऐकवतात. काका, प्रश्न विश्वासाचा नाही. आधी कोण जाईल, याचा आहे.

एका सोसायटीतली हस्तांतराची फाइल पाहिली होती. वडिलांनी स्वकष्टाचा फ्लॅट एकुलत्या एका मुलाला बक्षीस दिलेला. पत्र छापील नमुन्यातलं, त्यात नेहमीचं वाक्य: ‘सदर मिळकतीत लिहून देणार यांचा कोणताही हक्क वा हितसंबंध राहिलेला नाही.’ मुलगा सोन्यासारखा, भांडण नाही, काही नाही. चार वर्षांनी तो हार्ट अटॅकने गेला. वय ४३. मृत्युपत्र नाही, त्या वयात कोण करतं?

वारसांच्या यादीत तीन नावं आली: आई, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी. वडिलांनी यादी दोनदा वाचली आणि विचारलं, ‘माझं नाव टाइप करायचं राहिलंय का?’ राहिलं नव्हतं. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलाची आई पहिल्या वर्गात येते, बाप दुसऱ्या. पहिल्या वर्गातलं एक माणूस जरी मागे असलं तरी बापाला शून्य. ज्याने हप्ते फेडले तोच त्या घरात पाहुणा. पुढे पैशांची नड लागली तेव्हा सून विकायला तयार होती, पण नातीचा एक तृतीयांश हिस्सा अज्ञानाचा (१८ वर्षांखालच्या व्यक्तीचा), म्हणून न्यायालयाची परवानगी घेणं आलं. त्यात ठरलेलं गिऱ्हाईक निघून गेलं. यात कुणीही वाईट वागलं नव्हतं, हे त्या काकांना सांगून मी थकलो.

नॉमिनी असणं म्हणजे मालक होणं नव्हे. सहकार कायद्याच्या कलम १५४ब-१३ प्रमाणे सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करते. घर कुणाचं हे मृत्युपत्र किंवा वारसा हक्क ठरवतो. शेअर्सच्या नॉमिनीबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हेच सांगितलं. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव शक्यतो एकच ठेवा, नाहीतर एका घराला दोन दावेदार उभे राहतात.

तेव्हा वडिलांना मृत्युपत्र करू द्या. मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदार हवेत, दोघेही वडिलांपेक्षा वयाने लहान आणि ज्यांना काहीही मिळणार नाही असे. वडिलांनी दोघांसमोर सही करायची, मग त्यांनी वडिलांसमोर. प्रत्येक पानावर सही आणि मनाने सक्षम असल्याचा त्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला. (महिनाभर जुना दाखला जोडला की समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो.) नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून टाका. दोन वाक्यं लोक हमखास विसरतात: ‘पत्नीला हयातभर राहण्याचा हक्क’ आणि ‘याखेरीज उरलेली सर्व मिळकत अमुकला’. दुसरं नसेल तर नंतर उघडलेल्या एका एफडीसाठी वारस दाखल्याच्या फेऱ्या सुरू. मन बदललं, कुणी आधी गेलं, तर नवीन मृत्युपत्र लिहायचं. नोंदवलेलं बक्षीसपत्र असं मागे घेता येत नाही.

बक्षीसपत्र सरसकट वाईट असंही नाही. इतर वारस नंतर वाद घालणार हे दिसतच असेल तर ते जास्त टिकतं. पण मग त्यात दोन गोष्टी लिहून घ्या: आईवडिलांचा हयातीपर्यंतचा राहण्याचा हक्क, आणि सांभाळ करण्याची अट. अट लिहिलेली असेल तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे ते रद्द करून मागता येतं. आणि त्याच दिवशी तुम्ही स्वतःचं मृत्युपत्र करा, आईवडील दोघांची नावं घालून. तुमची बायको काय म्हणेल ते तुम्ही बघा.

हे सगळं हिंदू कुटुंबातल्या स्वकष्टार्जित घरापुरतं. गावाकडची वडिलोपार्जित जमीन असेल तर सातबारा आणि जुने फेरफार काढल्याशिवाय यातलं काहीही गृहीत धरू नका.