लातूरच्या अभ्यासिकेत कार्डाने आत येताना दार गप्प असतं, पण बटण दाबून बाहेर पडलं की ‘दार जबरदस्तीने उघडलं’ असा अलार्म का वाजतो?

बहुतेक तुमचं एक्झिट बटण कंट्रोलरला (कार्ड तपासून दार उघडणाऱ्या बोर्डाला) न जोडता थेट मॅग्नेटिक लॉकच्या सप्लायमध्ये घातलंय, म्हणून तो वाजतो. बटण दाबलं की लॉकची वीज तुटते आणि दार उघडतं, पण कंट्रोलरला त्याचा पत्ताच नसतो. दार उघडं की बंद हे सांगणारा डोअर सेन्सर त्याला फक्त ‘उघडं’ दाखवतो, म्हणून तो ते जबरदस्तीने उघडलं असं धरतो. वायर वाचवायला बसवणारे सर्रास असं करतात.

सप्लाय बंद करून बटणाच्या दोन्ही वायरी काढा, लॉकची तुटलेली लाइन परत जोडा आणि बटणाचा एनओ (एरवी तुटलेला, दाबल्यावर जुळणारा) कॉन्टॅक्ट कंट्रोलरच्या एक्झिट व ग्राउंड टर्मिनलवर घ्या. लॉक मात्र कंट्रोलरच्या रिलेच्या (आतल्या स्विचच्या) एनसीवर, म्हणजे एरवी जुळलेल्या कॉन्टॅक्टवर राहू द्या. मग सेटिंगमध्ये:

- अनलॉक वेळ: ५ सेकंद
- दार उघडं राहिल्याचा अलार्म: २० ते ३० सेकंद, पोरं घोळक्याने बाहेर पडतात, त्याहून कमी ठेवलं तर दिवसभर कटकट
- डोअर सेन्सर: एनओ की एनसी, प्रत्यक्ष वायरिंगप्रमाणे. उलटं पडलं तर बंद दारालाही अलार्म येतो.

मात्र आगीच्या वेळचं काच फोडायचं इमर्जन्सी स्विच कंट्रोलरवर नेऊ नका. ते लॉकच्या सप्लायमध्येच, सिरीजमध्ये हवं, म्हणजे ते थेट लॉकची वीज तोडेल. कंट्रोलर हँग झाला तरी दार उघडलंच पाहिजे, आणि तेव्हा अलार्म वाजला तर वाजू द्या.