गोगलगायी वेचा, पण उघड्या हातानं नको

प्रश्न (कळमेश्वर भागातील भाजी उत्पादक) : संत्र्याच्या बगीच्यात अन् सांबार (कोथिंबीर)-पालकात मोठ्या शंखाच्या गोगलगायी झाल्या आहेत. त्यांच्यामुळे मेंदूत अळ्या जातात, असा व्हिडिओ मोबाईलवर फिरतो आहे. माल बाजारात न्यायचा की नाही?

उत्तर : माल जरूर न्या. मात्र व्हिडिओतली गोष्ट निव्वळ अफवा नाही, म्हणून नीट समजून घ्या.

या अळ्या एका कृमीच्या; तो मूळचा उंदराच्या फुप्फुसातला. १९३५ मध्ये चीनमधल्या कँटनच्या उंदरांत तो सापडला. पुढे हवाई, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असा पसरत गेला. आपल्याकडे केरळात लहान मुलांना त्याची बाधा झालेली आहे. उंदराच्या विष्ठेतून अळ्या गोगलगायीत जातात. कच्च्या भाजीबरोबर गोगलगाईचं बारीक पिल्लू पोटात गेलं, की अळ्या माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतात आणि मेंदूच्या आवरणाला सूज येते. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही.

मागच्या आठवड्यात एका वावरात सहा-सात वर्षांची पोर नुसत्या हातानं गोगलगायी बादलीत टाकताना दिसली. हात बुळबुळीत, अन् त्याच हातात अर्धी खाल्लेली काकडी. माझ्या पोटात गोळा आला. लेकरांना या कामाला लावूच नका.

संध्याकाळी धुऱ्यावर (बांधावर) ओली पोती अंथरा. सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून किंवा चिमट्यानं उचला, मिठाच्या दाट पाण्यात बुडवून मारा, मग खड्ड्यात चुना टाकून पुरा. पायाखाली चिरडू नका. बगीच्यात मेटाल्डिहाइड (गोगलगायी मारायचं औषध) २.५ टक्के दाणेदार एकरी २ किलो टाका, तेही झाडाभोवती, भाजीच्या पानावर नाही. कुत्र्या-गुरांना ते विषारी आहे. काडीकचरा अन् उंदरांची बिळं तशीच ठेवली, तर गोगलगायी मारून अर्धंच काम होईल.

सांबाराची जुडी बांधण्याआधी मुळाशी उलगडून बघा. नखाएवढी पिल्लं तिथंच दडतात. घरी पान न् पान वाहत्या पाण्यात धुवा. मीठ-हळदीच्या पाण्यावर विसंबू नका. शिजवलेल्या भाजीला धोका नाही.

गोगलगायी हाताळल्यावर किंवा कच्ची भाजी खाल्ल्यावर एक ते तीन आठवड्यांत डोकं फार ठणकलं, मान आखडली, ओकाऱ्या झाल्या, अंगाला मुंग्या आल्या, तर नागपूरचं मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना गोगलगायीचं आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.