एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आलंय. ही शुगरची सुरुवात का? मागे फिरता येतं का?

हो, पुष्कळदा येतं, आणि ६.१ वरच कळलं हे फार बरं झालं. एचबीए१सी ५.७ ते ६.४ किंवा उपाशीपोटी साखर १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाच्या अलीकडची पायरी; एचबीए१सी ६.५ पासून पुढे मधुमेह. त्रास सहसा काहीच होत नाही, म्हणून लोक रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून विसरतात. माझ्या वडिलांच्या मानेवर मागे काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा आला होता. आई तो मळ समजून वर्षभर घासायला लावत होती! इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण होती.

अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या अभ्यासात ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढं लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी.

आमच्याकडे चहाबरोबरची खारी-बिस्किटं आधी बंद झाली. मग ताटात कोशिंबीर आणि उसळ वाढली, भात एका वाटीवर आला, जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं सुरू झालं. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण म्हणून चार खायच्या नाहीत. झोपही पुरेशी हवी.

डॉक्टरांना मात्र भेटाच. ॲनिमिया असेल तर एचबीए१सी फसवं येऊ शकतं. बीपी, कोलेस्टेरॉलही बघायला हवं. गोळी हवी की नको ते त्यांना ठरवू दे, शेजाऱ्याची मेटफॉर्मिन घेऊ नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.